देवाच्या पाण्यात औषध

गावची जत्रा आहे, पाहुणे आलेत, चुलीवर चहा उकळतोय आणि तुम्हाला ठाऊक आहे की हे पाणी पिण्यालायक नाही. तुम्ही पाहुण्यांना तसं सांगाल का?

लगेच हो म्हणू नका. मी लगेच हो म्हणाले होते. त्याला आता काही वर्षं झाली आणि माझं उत्तर दर जत्रेला बदलतं.

आमचं घर जुन्नरला. वडील शिक्षक आणि शाळा सुटली की चळवळीचे. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं फार. कॉटखाली पिवळ्या आणि गुलाबी कागदांचे गठ्ठे असत, आणि झोपताना शाईचा वास येई. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. 'बदक' आणि 'कमळ' नंतर आले, 'जाहीर निषेध' आधी. पत्रकाची एक रीत असते. वर ठळक अक्षरांत कुणाच्या विरोधात ते, मग काय घडलं ते, मग मागण्या, आणि खाली 'मोठ्या संख्येने उपस्थित राहा'. कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. 'तुझं पहिलं वाक्य बरं असतं,' असं वडील म्हणत, आणि त्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे पुष्कळच. माझ्या डोक्यात जगाचे सरळ दोन भाग होते. ज्यांच्याविरुद्ध पत्रक निघतं ते एक, आणि पत्रक वाटणारे आम्ही दुसरे.

वडिलांची बहीण, माझी आत्या, आंबेगाव तालुक्यात दिलेली. मंचरवरून पारगावकडे जाताना उसाचा पट्टा लागतो, त्यात तिचं गाव. त्याच गावात ती अंगणवाडी सेविका. सून आणि बाई, दोन्ही एकाच गावची. हे किती अवघड असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं.

गावाला पाणी गावविहिरीचं. तेच मोटारनं टाकीत चढतं आणि टाकीतून नळाला येतं. ही नळाची योजना आणली ती सरपंचांनी, आत्याच्या चुलत दिरांनी. त्यासाठी त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी इतक्या खेपा घातल्या, की बायको म्हणायची, 'तिकडंच बिऱ्हाड करा.' टाकीत रोज पावडर टाकायची असते, पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर. सुरुवातीला टाकत. मग एका जत्रेला मुंबईहून आणि भोसरीहून पाहुणे आले, चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. 'दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय,' असं कुणी तरी म्हणालं. पुढच्या जत्रेला दोन-तीन दिवस आधीपासून पावडर बंद ठेवली. पाहुण्यांना चहा आवडला. मग बायका म्हणू लागल्या, आम्ही काय पाहुण्यांपेक्षा कमी आहोत? डाळीला वास, भाताला वास. असं करत करत पावडर थांबली. कुणी ठरवलं नाही, ठराव झाला नाही. पावडरीच्या गोण्या पंचायतीच्या खोलीत पडून दगड झाल्या.

तपासणीसाठी पाण्याचा नमुना न्यायला माणूस येई, पण तो आदल्या दिवशी निरोप धाडी. निरोप आला की संध्याकाळी टाकीत पावडर पडे. त्यामुळे सकाळच्या चहाला वास आला की अख्ख्या गावाला कळे, आज नमुना आहे. नमुना पास होई. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा गोड.

यात कुणाचं काय जात होतं? बागायतदारांच्या घरी स्वतःचं बोअर. बाजारपेठेतले जैन शेठ तर पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून, उकळूनच पिणारे. गाव त्यांची थट्टा करी, 'शेठ, पाण्यातले किडे मोजता का?' आणि तेही हसून म्हणत, 'मोजत नाय, वाचवतो.' उरले नळावर भरणारे, आणि कारखान्याचा हंगाम चालू असला की ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. त्या हिवाळ्यात कोप्यांतल्या मुलांना जुलाब लागले. एका मुलीला मंचरला सलाईन लावावं लागलं. गाव म्हणालं, टोळीवाल्यांची पोरं, हात धुवायची सवय नाही. मग अंगणवाडीतली गावची मुलंही यायची थांबली. आत्या अंगणवाडीतलं पाणी खिचडीच्या शेगडीवर उकळून ठेवायची. पण मुलं पाणी काय फक्त अंगणवाडीत पितात?

महिन्याला एकदा घोडेगावला सेविकांची मीटिंग असते. त्या हिवाळ्यातल्या एका मीटिंगमध्ये तालुक्याच्या साहेबांनी नेहमीचा प्रश्न नेहमीसारखा, खाली बघत विचारला, 'सगळीकडे पाणी शुद्धीकरण नियमित आहे ना?' बायकांनी माना हलवल्या. आत्या म्हणाली, 'आमच्याकडं न्हाई टाकत.'

'म्हणजे एखाद्या वेळी राहतं?'

'न्हाई, टाकतच न्हाईत.'

शेजारच्या बाईनं तिला चिमटा काढला, असं ती नंतर हसून सांगायची. साहेबांनी वर पाहिलं. 'बाई, हे आपण मीटिंग झाल्यावर बोलू.' मीटिंग झाल्यावर ते बोलले नाहीत. पण काही दिवसांनी निरोप न देता जीप आली, देवळासमोरच्या नळाचं पाणी घेऊन गेली आणि या वेळी नमुना नापास झाला. वरून आदेश आला आणि पंचायतीलाच स्वतःच्या हातानं विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात लिहावं लागलं : पाणी पिण्यास अयोग्य.

चैत्र तोंडावर होता. जत्रा जवळ आली होती.

बातमी जुन्नरला पोचली तेव्हा वडील खूश झाले आणि मी त्यांच्याहून. आमच्या घराण्यातली बाई भर सभेत 'नाही' म्हणाली! मी पिशवीत कोरे कागद घातले आणि नारायणगावला एसटी बदलून, मंचरला पुन्हा बदलून आत्याच्या दारात उतरले. तिला म्हणाले, 'आत्या, आता मागं हटायचं नाही. मी पत्रक काढते.'

ती म्हणाली, 'आधी हात-पाय धू.'

संध्याकाळी सरपंच आले. ओट्यावर बसले. आत्याचे यजमान, माझे मामा, ट्रॅक्टरच्या पान्यांना तेल लावत बाजूला होते. सरपंचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

'वैनी, मला सांगायचं व्हतं. मी काय परका हाय?'

'सांगितलं व्हतं, भावजी. पावसाळ्यात सांगितलं. तुमी म्हणला, बाया वरडत्यात.'

'वरडत्यातच की! तुमचीच थोरली जाऊ पयली. म्हणती, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई.'

'डाळ शिजती. त्यांचं सरपान वलं असतं.'

मामा पान्यावर वाकून हसले. सरपंचही हसले असते, पण ते हसायला आले नव्हते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, 'काका, हा लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. तुमची जबाबदारी होती.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. 'पोरी, तुमच्या जुन्नरला नळाला वास आला, तर तुमी नगरपालिकेला शिव्या देता आन घरी जाता. हितं पावडर टाकली तर मला शिव्या, न्हाई टाकली तर मला शिव्या. आन शिव्या देनारीच्या घरी मला सांजच्याला जेवायला बसायचं असतंय.'

याला पत्रकात उत्तर नव्हतं. 

मग ते मुद्द्यावर आले. जत्रेच्या सकाळी देवाला, नाथाला, अंघोळ घालायचं पाणी गावविहिरीवरून न्यायचं असतं. वाजतगाजत, पितळी कळशीत, आणि ती कळशी डोक्यावर घेऊन चालायचं ते आत्याच्या घरच्या सवाष्णीनं. हा पाण्याचा मान या घराकडे कधीपासून आहे ते कुणालाच सांगता येत नाही. आधी सासू चालायची, मग आत्या. सासू आजारी असताना, शेवटच्या वर्षीसुद्धा, कळशीला हात लावून मगच ती आत्याच्या डोक्यावर दिली होती. हे घर जमिनीनं लहान, भावकीत मागं बसणारं. वर्षातून एका सकाळी सगळं गाव त्याच्या मागून चालायचं.

'भावकी म्हणती,' सरपंच म्हणाले, 'ज्या घरानं गावची हीर नासकी म्हणून सांगितली, त्याच घरानं त्याच हिरीचं पानी देवाला कसं घालायचं? मान दुसऱ्या घरी द्या म्हणत्यात.'

मामांचा हात थांबला.

'माझं ऐका. जत्रंच्या सकाळी देवळात चार मानसांत एवढंच म्हणा, की माझ्याकडनं सांगन्यात चूक झाली. बास. मान तुमचाच ऱ्हाईल. मी लाल अक्षरावर चुना फिरवतो, आन दुसऱ्या दिसापासनं टाकीत पावडर. रोज. नाथाची शपथ.'

ते गेल्यावर मी तावातावानं बोलत होते. ही धमकी आहे, हे लाच देणं आहे, हे असं आणि ते तसं. आत्या भाकरी थापत ऐकत होती. मग तिनं विचारलं, 'मी चूक झाली म्हनलं आन पानी चांगलं झालं, तर पोरांचं भलंच की. आन खरं ते खरंच म्हनत बसले आन पावडर न्हाईच पडली, तर?'

मी म्हणाले, 'पण ते खोटं बोलणं होईल.'

'व्हय,' ती म्हणाली. 'ते हाईच.'

त्या रात्रीनंतर मी दोन दिवस पत्रक लिहायला बसत होते. 'जाहीर निषेध' लिहायचे आणि अडायचे. कुणाचा? सरपंचांचा? त्यांनी पै खाल्ली नव्हती. नळ आणणारा माणूसच तो. बायकांचा? त्यांना चहाला वास नको होता, एवढाच त्यांचा गुन्हा. साहेबांचा? त्यांनी तर प्रश्न विचारला होता. निरोप धाडणाऱ्या माणसाचा? तो शेजारी येऊन बसला तरी कुणी ओळखणार नाही इतका साधा. मग मुंबईच्या पाहुण्यांचा निषेध करायचा का? मी ते वाक्य खरंच लिहून पाहिलं आणि एकटीच हसले. मग हसू आल्याचाही राग आला.

आत्याला विचारलं, 'तुझं नाव घालू ना?'

'नको. त्यांचंबी नको.'

'मग पत्रक कसलं राहिलं त्यात?'

'तेच म्हनते मी.'

तिला अनेकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला, 'इतकी वर्षं माहीत होतं, मग त्याच दिवशी का बोललीस?'

'इचारलं म्हनून.'

'दरवेळी विचारतात की.'

'दरवेळी मान हलवली. त्या दिशी मान हलंना.'

'आणि विचारलंच नसतं तर?'

तिनं तवा उतरवला. 'म्हाईत न्हाई, बाय. खरंच म्हाईत न्हाई.'

मला हवं होतं ते उत्तर हे नव्हे. माझ्या पत्रकांतल्या बायका पेटून उठत. या बाईची मान हलली नव्हती, एवढंच.

मी कोप्यांवर गेले. म्हटलं, ज्यांच्यासाठी हे झालं त्यांना तरी विचारू. हंगाम संपत आला होता, काही कोप्या मोडायला लागल्या होत्या. सलाईन लावलेल्या मुलीची आई डोक्यावर हंडा घेऊन येत होती, लांबून, ओढ्याच्या बाजूनं. मी म्हणाले, 'मावशी, नळ तर इथं जवळ आहे.'

'आता आमाला नळावर भरू देत न्हाईत, ताई. म्हणत्यात, पुन्यांदा कुनाचं पोरगं आजारी पडलं तर गावाचं नाव जाईल. वढ्याचं घ्या म्हणत्यात.' ती हंडा सावरत म्हणाली, 'कुनीतरी चुगली केली म्हनं गावातल्या बाईनं. कशाला करावी? चांगलं नळाचं पानी मिळत व्हतं.'

मी तिला सांगितलं नाही की ती बाई माझी आत्या, आणि तिनं ते तुझ्याच मुलीकडे बघून केलं. सांगून काय झालं असतं? परतताना उसाच्या बांधावर मी बसून राहिले. खरं बोलल्यानं पाणी कमी वाईट व्हायच्या ऐवजी, सगळ्यात गरजवंताच्या वाट्याला जास्त वाईट पाणी आलं होतं. हे कुठल्या मागणीत बसवायचं? घरी आल्यावर आत्याला कोप्यांवरची गोष्ट सांगितली.  ती अंगणवाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली आणि औषधाच्या छोट्या बाटल्या घेऊन आली. पाण्याच्या हंड्यात थेंब टाकायचं क्लोरीन. अशा बाटल्या सेविकांना वाटायला मिळत. तिनं दोन-चार बाटल्या कोप्यांवर नेऊन दिल्या आणि एक घरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली.

जत्रेच्या सकाळी हलगी वाजायला लागली. आत्या हिरवं लुगडं नेसली, नथ घातली. मामा म्हणाले, 'काय ठरवलंस?'

'कळशी तर घेऊ.'

विहिरीच्या कठड्यावर लाल अक्षरं तशीच होती. सरपंचांनी शब्दाप्रमाणे चुना तयार ठेवला होता. बादलीत कुंचला उभा होता. आत्यानं पाणी ओढलं, कळशी भरली आणि ओच्यातून ती बाटली काढून सगळ्यांसमोर कळशीत थेंब टाकले. कुणाला वाटलं अत्तर असेल, कुणाला गुलाबपाणी. हलगी चालू राहिली. मी मागून चालत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. ही माघार आहे की बंड?

देवळात गुरवानं कळशी घ्यायला हात पुढे केला. सरपंच खांबाजवळ उभे होते, आत्याकडे बघत. ती कळशी न सोडता म्हणाली, 'ह्यात औषध घातलंय. सांगून देते.'

हलगीवाल्याचा हात हवेत राहिला.

गुरव म्हणाला, 'वैनी, देवाला औषध?'

'देवाला न्हाई. तीर्थ आपुन पितो.'

मागून कुणीतरी ओरडलं, 'घाला राव, नाथाचं पोट बिघडलं तर आपल्याकडं डॉक्टरबी न्हाई!' हशा पिकला. एक म्हातारी चिडून म्हणाली, 'हसता काय, मेल्यांनो, बाटलं की पानी.' तिच्या शेजारची म्हणाली, 'आजी, रोजचं बाटलेलं पिता ते?' त्या गलक्यात 'चूक झाली' हे शब्द कुणी मागितले नाहीत आणि आत्यानं दिले नाहीत. गुरवानं सरपंचांकडे पाहिलं. त्यांची मान किंचित हलली. होकाराची की हताशपणाची, ते मला आजही सांगता येणार नाही. पाणी देवावर पडलं.

तीर्थ वाटलं तेव्हा काही जण प्यायले, काहींनी डोक्याला पुसलं. सरपंचांनी तळहातावर घेतलं, वास घेतला. 'नमुन्याच्या दिसाच्या चहावानी लागतंय,' असं म्हणाले आणि पिऊन टाकलं. लोक पुन्हा हसले. मी रडत होते आणि का ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवसापासून टाकीत पावडर पडू लागली. आत्यानं चूक कबूल केली नव्हती, तरी सरपंचांनी आपला शब्द पाळला. लाल अक्षरांवर चुनाही फिरला. पावसाळाभर चहाला वास येत होता. पुढे काय झालं ते मी एकदम सांगू शकत नाही, कारण तेही एकदम झालं नाही. वरडणाऱ्या बायका वरडत राहिल्या. एखादा दिवस पावडर टाकायची राहू लागली, मग एखादा आठवडा.

आणि वर्षानं चैत्र आला. मी गेले होते. आत्या नथ घालून, कळशी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा हलगी वाजत होती, पण विहिरीकडून नाही. देवळाकडून. पाणी पुढे निघून गेलं होतं. भावकीतल्या दुसऱ्या घरची सून कळशी घेऊन चालत होती आणि गाव तिच्या मागून. कुणी येऊन सांगितलं नाही, कुणी भांडलं नाही. सरपंच दुपारी येऊन म्हणाले, 'वैनी, भावकीपुढं माझं काय चालतंय?' आणि त्यांचे डोळे खरंच ओले होते. मामा दिवसभर ट्रॅक्टरखाली होते. आत्या विहिरीवर गेली, रिकामी कळशी भरली, घरी आणली, त्यात थेंब टाकले आणि त्याच पाण्याचा चहा केला. पाहुणे आले तेव्हा ती प्रत्येकाला म्हणाली, 'वास येईल हां जरा.' त्या वर्षी पाहुणे कमी आले.

मी ते पत्रक लिहिलंच नाही. आजही कोरे कागद पुढ्यात घेते आणि कुणाविरुद्ध हे ठरत नाही. आत्यानं बरोबर केलं का? मला वाटतं, केलं. मग मला तो ओढ्यावरचा हंडा दिसतो. चूक केली का? मग मला ते तीर्थ पिणारे सरपंच दिसतात. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, 'व्यवस्था.' शब्द बरोबर आहे, पण व्यवस्थेच्या घरी सांजच्याला जेवायला बसता येत नाही.

एवढ्या गोंधळात एकच गोष्ट मला स्पष्ट दिसते. आत्या अजून घोडेगावला मीटिंगला जाते. मी विचारलं, 'पाण्याचं विचारतात का गं साहेब?'

'न्हाई,' ती म्हणाली. 'त्या दिसापासनं तो प्रश्नच काढून टाकला.'

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. यंदा जत्रेला गावी जाल, तेव्हा चहाचा कप हातात घेण्याआधी गावच्या अंगणवाडीच्या बाईंना गाठा आणि विचारा, 'पाण्यात पावडर पडते का?' विचारताना खाली बघू नका, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. त्या 'नाही' म्हणाल्या, तर त्या दिवशीचा चहा त्यांच्याच ओट्यावर, सगळ्या गावाला दिसेल असा बसून प्या. वास येईल. तोंड वाकडं करू नका.